बिनबोटांचे हातमोजे

थंडीतलं मला कुणी शिकवू नये, असा माझा एक माज होता. मी घाटावरची. आमच्या माणदेशात डिसेंबरात पहाटे रांजणात हात घातला की बोटं जागेवर आहेत ना ते बघावं लागतं. २०१४ साली बदली होऊन तलासरीला आले आणि नोव्हेंबरातच कानटोप्या घालून फिरणारी माणसं पाहिली, तेव्हा मला हसूच आलं. दुपारी घामानं पाठ भिजते, आणि हा म्हणे हिवाळा! शाळेत पहिल्याच थंडीत मी हे बोलूनही दाखवलं. माझं असंच आहे, उचलली जीभ लावली टाळ्याला.

शाळा झरीच्या पुढं एका पाड्यावर होती आणि माझी खोली तलासरीत. स्कूटर मला कधी जमली नाही. एकदा पडले ती कायमची उतरले. सायकल मात्र शाळेत असल्यापासूनची. एरवी साडेदहाची शाळा, ऊन अंगावर घेत जायचं, काही त्रास नव्हता. पण हिवाळ्यात मी चौथीच्या मुलांचा शिष्यवृत्तीचा जादा तास सकाळी साडेसातला लावला आणि सूर्य उगवायच्या आधी निघायची वेळ आली. पहिल्याच आठवड्यात माज उतरला. इथली थंडी ओली. आमच्याकडची कोरडी थंडी अंगावर येते आणि चादरीनं जाते. ही हँडलच्या लोखंडातून तळहातात शिरते. ब्रेक दाबायचा म्हटलं तर बोटं ऐकेनात. फळ्यावर पहिला अर्धा तास माझं अक्षर असं यायचं की मुलं एकमेकांकडं बघायची.

मग हातमोज्यांची शोधाशोध. आधी घरातल्या लोकरीनं विणलेले घातले. ते हँडलवर सरकायचे आणि वारा आरपार. मग मोटरसायकलवाले घालतात तसले काळे रेक्झिनचे आणले; ते दवानं ताठ व्हायचे, त्यांत घंटी वाजवायची म्हणजे हातात विटा बांधून पेटी वाजवायची. शेवटी उंबरगावच्या कारखान्यांत जाणारे लोक वापरतात ते पांढरे सुती, तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घेतले आणि आत जुने पातळ लोकरीचे घातले. हे जमलं. पकड राहायची, ऊब राहायची, बोटं सुटी राहायची. सायकलच्या मोज्याला बोटं सुटी हवीत, हा निष्कर्ष मी तेव्हा काढला होता आणि सगळ्यांना ऐकवलाही होता.

यात मला सोबत होती ती मावशी. शाळेत खिचडी शिजवणारी, म्हणून मुलं तिला मावशी म्हणायची. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मीही मावशीच म्हणायचे. तिचं घर माझ्या रस्त्यावरच. मुलीला शाळेतून मिळालेली सायकल, मुलगी आश्रमशाळेत राहायला गेल्यावर अंगणात पडून होती. तिच्यावर ही बाई पस्तिशीत सायकल शिकली. सासू म्हणाली, म्हातारपणी काय थेरं. मावशी म्हणाली, म्हातारपण आल्यावर सोडते. असं तिचं बोलणं. स्वयंपाकाला तिला नऊ वाजता आलं तरी चालायचं. पण बाई एकट्या अंधारात कशा जाणार, म्हणून जादा तासाच्या दिवसांत ती साडेसहाला फाट्यावर सायकल धरून उभी असायची. मी तिला सांगितलं नव्हतं. तिला नको म्हटलंही नाही, हेही खरं.

दुसऱ्या वर्षीच्या, म्हणजे २०१५च्या थंडीत, एक दिवस उतार संपल्यावर ती थांबली आणि डावा हात झटकू लागली. म्हणाली, "बाई, हाताला खाली चढते."

आता हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावरून घडलं. आम्ही नुकताच उतार उतरलो होतो. उतारावर सायकल सुटली की वारा तोंडावर येतो, हात गारठतात. मी समजले, उतारावर खाली येताना हाताला थंडी चढते, असं ती म्हणतेय. शब्द उलटेपालटे झाले, पण इकडच्या बोलण्यात थोडं गुजराती, थोडं पाड्यावरचं, असं सगळं मिसळलेलं असतं, मी कुठं प्रत्येक शब्दाला विचारत बसू? मी हसलेसुद्धा. म्हटलं, "अगं, खाली उतरते की वर चढते, एक काहीतरी ठरव!" तीही हसली. मग हँडल धरून पुढं निघाली.

पुढं ती तेच तीनचारदा म्हणाली. दर वेळी मला तो उतारच आठवला. शेवटी मी ठरवलं की हिला चांगले हातमोजे घेऊन द्यायचे. माझ्यासाठी ही पहाटे उठते, तिच्या हातांची काळजी मी नाही करायची तर कुणी?

डिसेंबरातल्या एका रविवारी आम्ही दोघी जीपनं डहाणूला गेलो. थंडीत तिथं उत्तरेकडची माणसं स्वेटर, शाली, मफलर मांडून बसतात. एक गोल चेहऱ्याची बाई मोजे विकत होती. मी अगदी थाटात उकिडवी बसले. हे नको, विण सैल आहे. ते नको, मनगटाला इलॅस्टिक नाही, वारा शिरेल. मावशी बाजूला उभी, पदर तोंडाला लावून हसतेय. मी एक निळा जोड तिच्या हातात दिला आणि म्हटलं, बघ किती मऊ आहे.

तिनं तो गालाला लावला.

मी म्हटलं, "अगं हातानं बघ, हाताचे मोजे आहेत, गालाला कशाला?" ती म्हणाली, "गालाला बरं कळतं, बाई." विकणारी बाई हसली, मी हसले. लहान मुलं मऊ वस्तू गालाला लावतात, तसं वाटलं मला. लाड वाटले. तिथं गर्दीत उभी राहून ती मला सरळ शब्दांत सांगत होती, आणि मी तिचं कौतुक करत होते.

मग तिनं तो जोड घालून पाहिला. उजवा गेला. डाव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आपापल्या घरात जाईचना. बोटं टोकाला जरा वाकलेली होती. मी ओढून पाहिलं, विकणाऱ्या बाईनं ओढून पाहिलं. "ठंड से अकड़ गया," ती म्हणाली. मी लगेच मान डोलावली. थंडीतलं मला कळतं ना! त्या बाईनं मग पाटाखालून दुसरा जोड काढला. अंगठा तेवढा वेगळा, बाकी चारी बोटांना मिळून एकच पिशवी. तपकिरी, जाड, आतून अस्तर. बोटांना घरच नाही म्हटल्यावर बोट अडणार कशाला? हात सहज आत गेला. मावशी दोन्ही हात पुढं करून बघत राहिली आणि म्हणाली, "माकडासारखे दिसतात." मी म्हटलं, "दिसू देत. ऊब महत्त्वाची."

सायकलला बोटं सुटी हवीत असं जगाला सांगणारी मी. तिच्यासाठी मात्र मी बिनबोटांचे घेतले, कारण ते बसले. बोट का वाकलंय, हा प्रश्न मी त्या पिशवीत घालून टाकला.

ती पुरा हिवाळा ते घालून आली. पुढच्या हिवाळ्यातही. हात बरे आहेत का विचारलं की म्हणायची, "ऊब लागते." खाली चढते हे तिनं म्हणणं सोडलं. मला वाटलं, औषध लागू पडलं. आता वाटतं, मी ऐकत नाही हे तिला कळलं असावं.

शाळेत तर तिच्या हातांची ख्याती होती. चुलीवरच्या पातेल्याचं झाकण ती उघड्या हातानं उचलायची. इतर शाळांतल्या बायका फडकी शोधत बसतात, आमची मावशी बघा! एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मीच म्हटलं, "आमच्या मावशीचा हात लोखंडाचा आहे." साहेब हसले. तीही हसली, लाजून. हे वाक्य मला अजून झोपू देत नाही.

२०१७च्या जानेवारीतली ती सकाळ. कडाक्याची थंडी होती, म्हणून मावशीनं आल्या आल्या मोजे न काढताच चूल पेटवली आणि मुलांसाठी पाणी तापत ठेवलं. मी वर्गात भागाकार शिकवत होते. करपल्याचा वास आला; केस जळल्यासारखा. आधी वाटलं, एखाद्या मुलानं काही केलं. मग स्वयंपाकाच्या खोलीत गेले तर मावशी पातेलं चुलीवरून उतरवून तशीच कड धरून उभी, आणि डाव्या हातातल्या मोज्यातून धूर निघतोय. मी किंचाळले. तिनं दचकून माझ्याकडं पाहिलं, हाताकडं नाही. मीच मोजा ओढून काढला. करंगळीखालचा तळहात सोलून निघाला होता, फोड फुटून पाणी येत होतं. बघवत नव्हतं. आणि ती शांत.

"दुखत नाही?"

"नाही ना, बाई."

"अगं नाही कसं? भाजलंय!"

"सांगते ना मी तुम्हाला कधीपासून. खाली चढते."

"खाली काय खाली? आपण उतारावर आहोत का?" मी ओरडले. भीती वाटली की मला राग येतो, हा माझा स्वभाव.

ओरडणं ऐकून मोठे गुरुजी आले. ते इकडचेच, वेवजीकडचे, गुजराती घरच्यासारखं बोलणारे. त्यांनी हात पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, "बाई, खाली चढणं म्हणजे बधिर होणं. मुंग्या येऊन हात रिकामा वाटतो ना, ते. गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. उताराचा काय संबंध?"

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात. तिचं जळलं आणि तिला कळलं नाही, आणि ज्या मला ती दोन हिवाळे सांगत होती, त्या मलाही कळलं नाही. माझा मुलांना भाषा शिकवण्याचा पगार होता.

त्याच दिवशी तिला डॉक्टरांकडं नेलं. तरुण डॉक्टर होते, हळू बोलणारे. त्यांनी हात पाहिले, कोपराजवळ दाबून पाहिलं, दंडाच्या मागं एक फिकट चट्टा होता तो पाहिला. मग तिला म्हणाले, "डोळे मिटा. मी जिथं स्पर्श करीन तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा." मावशीनं डोळे मिटले. डॉक्टरांनी पेनाच्या टोकानं करंगळीला स्पर्श केला. मग शेजारच्या बोटाला. मग तळहाताच्या कडेला. मग चट्ट्यावर. ती तशीच बसलेली, शहाण्या मुलीसारखी, उजवं बोट तयार ठेवून. थोड्या वेळानं डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाली, "करा ना सुरू."

मी तोंड फिरवलं.

कुष्ठरोग, डॉक्टर म्हणाले. घाबरू नका, पूर्ण बरा होतो, वर्षभर गोळ्या घ्यायच्या, त्या फुकट मिळतात, गोळ्या सुरू झाल्या की कुणाला लागतही नाही. हे त्यांनी तिला दोनदा समजावून सांगितलं. मी व्हरांड्यात एकटी सापडले तेव्हा मात्र म्हणाले, "रोग जाईल. शीर मेलीय ती परत येणार नाही. बोटं अशीच राहतील. वर्षभर आधी आणलं असतं तर वाचली असती. नुसती थंडी समजून राहिलात का?"

 आत येऊन मावशीला म्हटलं, "डॉक्टर म्हणतात, सगळं ठीक होईल."

गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांनी अंगाचा रंग काळपट तांबूस होतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं, नंतर जाईल. पण पाड्यावरच्या लोकांनी तो रंग पूर्वी कुणाकुणाच्या अंगावर पाहिलेला होता. कुणी भांडलं नाही, कुणी शब्द बोललं नाही. भांडले असते तर मी दोन हात केले असते, त्यात मी पटाईत आहे. झालं एवढंच की मुलं घरून भाकरी आणू लागली. आधी चार, मग दहा. विचारलं तर म्हणायची, आईनं दिली. मी पालकांची सभा घेतली. तावातावानं बोलले, डॉक्टरांचं लिहून आणलेलं वाचून दाखवलं, सगळ्यांसमोर मावशीच्या हातची खिचडी दोनदा वाढून घेऊन खाल्ली. बायका माना हलवत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "तुमचं बरोबर आहे, बाई." दुसऱ्या दिवशी बारा डबे आले.

मावशी रोज पूर्ण शिजवायची. शिजवताना आता जाड फडकी वापरायची, मीच शिवून दिलेली. कुठं गरम आहे ते डाव्या हाताला कळत नाही म्हणून आधी उजव्या मनगटानं चाचपायची. मग वाढायला बसायची आणि रांग यायची नाही. काही लहानगी डबाही नाही आणि खिचडीही नाही, अशी नुसती बसून राहायची. घरून नको म्हणून सांगितलेलं आणि घरात द्यायला भाकर नाही. पंधरा दिवस तिनं हे पाहिलं. मग एक दिवस वाढायचा डाव माझ्या टेबलावर आणून ठेवला. मी म्हटलं, "मी आहे ना, आपण लढू." ती म्हणाली, "तुम्ही लढा हो, बाई. पोरं उपाशी राहतात."  नवी बाई आली आणि डबे बंद झाले.

नंतरचे हिवाळे मी एकटीनं सायकल चालवली. तिचं औषध पूर्ण झालं, रंग हळूहळू पहिल्यासारखा झाला, पण काम परत मिळालं नाही. मी अधूनमधून तिच्याकडं जायचे. पाण्याचा तांब्या पुढं यायचा, मुलीची खुशाली कळायची, मी शाळेतल्या गमती सांगायचे. दर वेळी मनाशी ठरवून जायचे की डॉक्टर व्हरांड्यात काय म्हणाले ते आज सांगायचं. दर वेळी उठून यायचे. आता सांगून तिला काय मिळणार, असं स्वतःला समजवायचे. खरं म्हणजे मला काय गमवावं लागेल याची भीती होती. पुऱ्या जिल्ह्यात मला एवढंच एक माणूस होतं.

२०१९च्या मे महिन्यात माझी बदली झाली, घाटावर, घराजवळ. निरोप घ्यायला गेले तर मावशी ओसरीवर चिंचा फोडत बसली होती. डाव्या हाताची वाकलेली बोटं चिंच धरू शकत नव्हती, म्हणून ती पायाच्या अंगठ्याखाली चिंच दाबायची आणि उजव्या हातानं दगड मारायची. मी शेजारी बसले. आणि एका दमात सांगून टाकलं. खाली चढते म्हणजे काय ते मला कळलं नाही, मी उतार समजले, डॉक्टर म्हणाले वर्षभर आधी आणलं असतं तर बोटं वाचली असती, आणि हे मी तुझ्यापासून अडीच वर्षं लपवलं. मग रडायला लागले. मला वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या बाई, तुम्ही काय मुद्दाम केलं का. खोटं कशाला बोलू, तेवढं ऐकायलाच मी गेले होते.

तिचा दगड थांबला.

"म्हणजे ते उशीर झाला म्हणून?" तिनं विचारलं.

"हो."

"नुसता उशीर?"

"हो, मावशी."

तिनं डावा हात उताणा करून पाहिला. मग म्हणाली, "सासू म्हणायची, तुझ्या हातून काही पाप झालंय, देवानं हातच धरला. मी अडीच वर्षं शोधते आहे, बाई. लग्नाआधीपासूनचं सगळं आठवून झालं. कुणाची कोंबडी हाकलली होती, आईला उलट बोलले होते, एक पोर पोटातच गेलं होतं, ते पण माझ्यामुळंच असेल असं धरून चालले. पोरीला जवळ घ्यायला भ्यायचे. आणि तुम्हाला माहीत होतं."

मी माफी मागितली. तिनं ऐकून घेतली. "बरं," म्हणाली, आणि पुढची चिंच अंगठ्याखाली धरली.